पुसेगाव एक

सोनकांबळे मॅडम बालमानसशास्त्र शिकवायच्या, आणि शिकवताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव असायचा की हा विषय मुळात त्यांनीच काढलाय आणि बाकीचे लोक उगीच मध्ये पुस्तकं लिहून बसलेत. हिंगोलीच्या आमच्या अध्यापक विद्यालयात मी मराठी शिकवायचो, त्या शेजारच्या वर्गात. मधली भिंत नावापुरती. त्यामुळे माझ्या तासाला बसलेल्या मुली कवितेबरोबर बालकाच्या विकासाच्या अवस्थाही ऐकत, आणि परीक्षेत त्यांना मॅडमच्या विषयात माझ्या विषयापेक्षा जास्त गुण पडत. याचा मला राग होता. अजूनही थोडा आहे.

मॅडम गेल्या त्याला आता दुसरा उन्हाळा. विद्यालयालाही त्याच सुमारास कुलूप लागलं. परवा मार्केट यार्डाकडून येत होतो. हळदीचे दिवस, ट्रकांची रांग, सगळ्या रस्त्यावर पिवळी धूळ. एका ट्रकाआडून एक बाई तरातरा रस्ता ओलांडून गेल्या. एका हातात पर्स आणि दुसरा हात थोडा मागे, मागून येणाऱ्या कुणाला तो धरता यावा असा. मी जागीच थांबलो. मॅडम अशाच चालायच्या. मागचा हात मिलिंदसाठी असायचा.

मिलिंद त्यांचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, अंगानं भरलेला, भांग नीट पाडलेला, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. त्याची समज लहानपणापासून वेगळ्या चालीची. बोलायचा कमी, हसायचा भरपूर. आई गेल्यावर मॅडमनी त्याला पुसेगावहून हिंगोलीला आणलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला ठेवला. त्या "ठेवला" असंच म्हणायच्या, जणू पुढेमागे कधीतरी काढायचाय. काढला नाही.

दुपारच्या सुट्टीत मिलिंद विद्यालयात यायचा, म्हणजे मॅडम जाऊन त्याला घेऊन यायच्या. तो स्टाफरूमच्या दारात उभा राहून आम्हा प्रत्येकाला वेगवेगळा "जय भीम" घालायचा आणि प्रत्येकाचं उत्तर आल्याशिवाय पुढच्याकडे वळायचा नाही. आमचे प्राचार्य फोनवर असले की सगळी रांग अडायची.

मॅडमची एक सवय सगळ्या हिंगोलीला ठाऊक होती. शिक्षक होणाऱ्या मुलींना पाठ घेण्याआधी टाचण लिहावं लागतं आणि त्यात मुलांचं पूर्वज्ञान काय, म्हणजे त्यांना आधीपासून काय येतं, ते नोंदवावं लागतं. मॅडमनी ते पूर्वज्ञान पार रस्त्यावर आणलं. नव्या शिपायाला कुलूप उघडायला सांगण्याआधी त्या विचारायच्या, "तुझं पूर्वज्ञान काय? याआधी कसलं कुलूप उघडलंस?" तो बिचारा आपल्यावर चोरीचा आळ आलाय असं समजून रडकुंडीला आला. एकदा मी त्यांना मोबाईलवरून फोटो कसा पाठवायचा ते दाखवायला बसलो. मी बोट लावणार तोच त्यांनी मोबाईल मागे ओढला.

"आधी माझं पूर्वज्ञान विचारा, सर."

"तुम्हाला काय येतं, मॅडम?"

"मला फोन कट करता येतो."

तिथून सुरुवात केली, आणि खरं सांगतो, त्या लवकर शिकल्या. पुढे त्यांनी रोज सकाळी मला मिलिंदचे भांग पाडल्यावरचे फोटो पाठवून जेरीस आणलं, ती गोष्ट वेगळी.

त्यांचा खरा जोडीदार, म्हणजे वादातला, राठोड सर. औंढ्याकडच्या तांड्यावरचे. गणित शिकवायचे आणि जीव शेतीत अडकलेला. माणूस वाढतो तो पायरीपायरीनं की हळूहळू, हा या दोघांचा कायमचा वाद. अभ्यासक्रमात त्यावर एक प्रश्न असायचा. मुली तो पाठ करून मोकळ्या व्हायच्या. ही दोघं मात्र वर्षानुवर्षं त्यावरून भांडली. मॅडम पायरीच्या बाजूच्या. लेकरू एका अवस्थेत असतं, मग ती ओलांडतं आणि दुसरंच लेकरू होतं, असं त्यांचं म्हणणं. राठोड सरांना हे अजिबात मान्य नव्हतं.

"मॅडम, आमच्या तांड्यावर पोरगं एक दिवस एकटंच बकऱ्या घेऊन रानात जातं. त्ये जायजोगं कव्हा झालं, ते त्याच्या मायलाबी सांगता येत न्हाई."

"मायचं ध्यान नव्हतं म्हणून पायरी नव्हती असं व्हतं का?"

"अहो, हळद बघा. जमिनीत गड्डा फुगत जातो. रोज थोडा थोडा. कुठं हाये पायरी?"

"अन् शिजवल्यावर?" मॅडम चष्मा वर सरकवून विचारायच्या. "शिजवायच्या आधी नुसता गड्डा. शिजवून वाळवली की हळद. मधलं काही बाजारात इकायला येतं का?"

"कढईतलं पाणी हळूहळूच तापतं की, मॅडम!"

यावर मॅडम उठून तासाला जायच्या. हरल्या म्हणून नव्हे, घंटा व्हायची म्हणून. मी चहा पीत दोघांचं ऐकत असे आणि मला दोघांचंही पटत असे. हा माझा जुना रोग आहे.

मला वाटायचं, मिलिंदसारखा भाऊ घरात असलेल्या बाईनं राठोड सरांच्या बाजूनं असायला हवं. हळूहळू का होईना, वाढ होत राहते, हे तिला धीर देणारं नाही का? हे एकदा मी बोलून दाखवलं. मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. पेन खाली ठेवलं.

"सर, हळूहळू म्हणणं सोपं हाये. मी त्याला रोज बघते. रोज बघणाऱ्याला हळूहळू दिसत न्हाई. काल होता तसाच आज दिसतो, उद्याबी तसाच दिसंल. पायरी असंल तर निदान एखाद्या दिवशी चढंल तरी. मी त्याच्याच भरवशावर बसलेली हाये."

इतकी वर्षं जो वाद मला स्टाफरूममधली करमणूक वाटत होता, त्यावर या बाईंचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

मिलिंदचा अपंगत्वाचा दाखला नव्यानं काढायचा होता तेव्हा मीही त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो होतो. तरुण डॉक्टर, स्वभावानं चांगला. त्यानं मिलिंदला काही प्रश्न विचारले, चित्रं दाखवली आणि मॅडमकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "यांचं मानसिक वय साधारण सात वर्षं आहे, असं समजा." मानसिक वय म्हणजे काय हे मॅडम जन्मभर शिकवत आलेल्या. फळ्यावर कोष्टक काढून शिकवायच्या. पण त्या दिवशी खुर्चीतून उठल्याच.

"डॉक्टरसाहेब, ह्यानं आज सकाळी आपली दाढी आपल्या हातानं केलीय. सात वर्षाचं लेकरू दाढी करतं का? माय गेली तव्हापासून ह्यो गोड खात न्हाई. तिला आवडायचं म्हणून. सात वर्षाच्या लेकराला इतकं धरून ठेवता येतं का?"

डॉक्टर गोंधळला. मिलिंद मात्र आपली स्तुती चालली आहे असं समजून गालावरून हात फिरवत बसला होता. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ते डॉक्टर पोरगं बराबर बोललं, सर. पुस्तकात तसंच हाये. उद्या मीबी वर्गात तेच शिकवीन." आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मी ते कोष्टक ऐकलं. नेहमीपेक्षा आवाज बारीक होता.

रविवारी ही भावंडं विहारात जायची. वंदना सुरू झाली की मिलिंद सगळ्यांच्या एक श्वास मागून सुरू करायचा आणि शेवटी सगळे थांबल्यावरही त्याची ओळ उरायची. सगळा विहार ती ओळ संपेपर्यंत हात जोडून बसून राहायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तसा पायंडाच पडून गेला होता. शब्द मात्र त्याचा एकही चुकत नसे. पुसेगावातही विहार आहे, पण मिलिंदच्या लेखी विहार म्हणजे हा.

विद्यालयाचं शेवटचं वर्ष चाललं होतं. प्रवेश आटत आटत मूठभर मुली उरलेल्या. त्याच वर्षी मॅडमना नांदेडला दाखवावं लागलं. काय झालंय ते त्यांनी स्टाफरूममध्ये हजेरी सांगावी तितक्या सरळ सांगितलं. पोटात गाठ आहे, उपचार लांबणार आहेत, आणि आपल्यानंतर मिलिंदचं काय ते आत्ताच ठरवायला पाहिजे.

एका लांबच्या गावी अशा लोकांना ठेवून घेणारी संस्था होती. नातेवाईकांचा सूर तिकडे पाठवावा असा. मॅडमची धाकटी बहीण छबूबाई पुसेगावात, शेतात राबणारी, एकटी. ती हिंगोलीला आली आणि माझ्यासमोरच बोलली.

"आक्का, मी ठेवून घेते. माझाबी भाऊच हाये त्यो, मला जड न्हाई. पण मी दिसभर रानात. त्याला घरात कोंडू का? त्याला इतवारी विहारात याचं असतं. लोकात बसायचं असतं. दर बारीला हाताला धरून कोण आणंल? त्यो एकटा गाडीत बसून येऊन-जाऊन करू लागला तर मला काईबी तकलीफ न्हाई. न्हाई जमलं, तर मग तिकडं लोक तरी असतील त्याच्या बराबर."

छबूबाईंचं काही चुकत नव्हतं. मॅडमनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या. मिलिंदनं हिंगोलीहून पुसेगावला एसटीनं एकट्यानं जायचं. जमलं तर तो आपल्या माणसांत राहणार, नाही तर संस्थेत जाणार. इतकं ते साधं होतं.

मॅडम हाडाच्या शिक्षिका. त्यांनी काय करावं? वर्गातल्या बाकांची एसटी केली. मुली प्रवासी झाल्या. एकीनं कोंबडी म्हणून दप्तर मांडीवर घेतलं. राठोड सर कंडक्टर. गळ्यात कुणाची तरी पिशवी अडकवून ते बाकांमधून आडवेतिडवे चालत, "बोला, कुठं? पुढं सरका, मागं जागा हाये!" मिलिंद दारातून चढायचा, खिडकीशी बसायचा, सवलतीचं कार्ड काढायचा आणि खणखणीत म्हणायचा, "पुसेगाव एक!" सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. काही दिवसांत त्याला सगळं जमलं. पुसेगाव आलं असं राठोड सर ओरडले की पिशवी घेऊन उतरायचासुद्धा. मॅडम खिडकीशी उभ्या राहून बघायच्या आणि त्यांच्या तोंडावर मुलीचा पाठ छान झाल्यावर यायचं तसं हसू यायचं.

मग एका सकाळी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. गाडी लागली. मिलिंद दारापर्यंत गेला आणि थांबला. मागचे लोक खोळंबले. खरा कंडक्टर म्हणाला, "काका, चढा ना, काहून थांबले?" मिलिंदनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजूला झाला आणि फलाटावर उभा राहिला. गाडी निघून गेली. मॅडम धावत गेल्या.

"काहून चढला न्हाईस रे?"

"राठोड सर न्हाई आले," मिलिंद म्हणाला.

त्याच्या लेखी राठोड सरांशिवाय पुसेगावची गाडी असूच शकत नव्हती. आम्हीच तसं शिकवलं होतं. एवढे शिकवणारे आम्ही, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. राठोड सरांना हसावं की रडावं कळेना. मॅडम कपाळाला हात लावून बाकावर बसल्या. "संक्रमण झालं न्हाई," त्या पुटपुटल्या. एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरता येणं, याला आमच्या पुस्तकात तसं नाव आहे.

पुन्हा वर्गातली एसटी सुरू झाली. आता रोज कंडक्टर वेगळा. शिपाई झाला, मी झालो, मुली झाल्या, एकदा प्राचार्यांनीही पिशवी गळ्यात अडकवली आणि सुटे मागण्यावरून एका मुलीशी खरंच भांडले. मग मॅडम त्याच्यासोबत खऱ्या गाडीत मागच्या बाकावर बसून जाऊ लागल्या. उपचार सुरू व्हायचे होते, पण अंगातली ताकद कमी होत चालल्याचं दिसत होतं. जमतंय असं वाटल्यावर ठरलं की मिलिंद गाडीत एकटा आणि मॅडम माझ्या मोटारसायकलवर मागून.

निघालो. एसटीच्या मागच्या काचेतून मिलिंदचं डोकं दिसत होतं. मॅडम माझ्या पाठीमागून सारख्या म्हणत होत्या, "जवळ घ्या, जवळ घ्या. दिसायला पाहिजे." दिसलो, पण आम्हीच त्याला. पुढच्या थांब्याला गाडी थांबली तसा मिलिंद पिशवीसकट खाली उतरला आणि हसत हसत आमच्याकडे आला. गाडी गेली. शेवटी मोटारसायकलवर मी, मध्ये मिलिंद, मागे मॅडम, असे तिघं पुसेगावला पोचलो. छबूबाई थांब्यावर उभ्या होत्या. आमचा हा गाडा बघून त्यांना हसू आवरेना. मग सगळं ऐकल्यावर त्या एकदम गंभीर झाल्या.

"आक्का, त्याला येतं. तू दिसायचं बंद कर."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या आपण होऊन राठोड सरांसमोर जाऊन बसल्या. आता वाद होणार म्हणून मी चहा सांगितला.

"राठोड सर, शिकणाऱ्याच्या अवस्था मी जन्मभर शिकवल्या. सोडणाऱ्याच्या कुठं लिहिल्यात का?"

राठोड सरांनी मान खाली घातली. त्यांची दोन्ही पोरं शिकायला बाहेर गेली होती.

"न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "ते बी हळूहळूच म्हणावं तर खोटं व्हईल. माझ्याच्यानं तर अजून न्हाई झालं."

मॅडम नांदेडला निघाल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. त्यांची गाडी दुपारची, सोबत राठोड सर जाणार होते. त्याआधी मिलिंदला पुसेगावच्या गाडीत बसवायचं होतं. बसवायचं म्हणजे, बसू द्यायचं. मॅडमनी स्टँडच्या फाटकातच त्याच्या हातात पिशवी दिली. "जा," एवढंच म्हणाल्या, आणि मला घेऊन रसवंतीच्या आडोशाला गेल्या. तिथून फलाट दिसत होता, फलाटावरून आम्ही दिसत नव्हतो.

मिलिंद फलाटावर उभा राहिला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मॅडमनी माझी बाही घट्ट धरली होती आणि त्यांना ते ठाऊकही नसावं. गाडी लागली. दारात एक कंडक्टरबाई उभी होती. वर्गात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे कंडक्टर झाले होते, पण खाकीतली बाई मिलिंदनं कधी पाहिली नव्हती. तो थांबला. मागून एक म्हातारी म्हणाली, "चढ बाबा, ऊन लागून राहिलं." मिलिंदनं कंडक्टरबाईला जय भीम घातला. ती हसली, तिनंही घातला. तो चढला.

खिडकीत दिसला. कार्ड काढलं. काचेआडून आवाज आला नाही, पण ओठ हलताना दिसले. गाडी मागे आली, वळली, आणि मिलिंद समोर पाहत बसला होता. मॅडमचा हात अर्धा वर गेलेला. त्यानं आमच्या दिशेला पाहिलंच नाही.

"बघितलं का सर," मॅडम म्हणाल्या, "वळून सुदिक बघितलं न्हाई त्यानं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. मलाही भरून आलं. लपवायला मी दोन ग्लास रस सांगितला.

छबूबाईंचा फोन येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मॅडमनी फोन कानाला लावला, आणि पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "आला गं! आपला आपण उतरला. घरला चाललाय, मीच त्याच्या मागून चालून राहिले!"

मिलिंद आजही रविवारी येतो. विहारात बसतो, माझ्याकडे चहा घेतो आणि दुपारच्या गाडीनं परत जातो. मॅडमना ते फार दिवस बघता आलं नाही. नांदेडहून त्या परतल्या नाहीत, आणि तिथं भेटायला कुणाला सोडत नव्हते. माझी त्यांची शेवटची भेट झाली ती स्टँडवरचीच.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर त्यांनी रस संपवला, पदरानं तोंड पुसलं, स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगबगीनं उठल्या. "चला सर, उशीर झाला. मिलिंद जेवायचा थांबला असंल..."

आणि तशाच उभ्या राहिल्या. मॅडम पुन्हा खाली बसल्या. पर्स मांडीवर घेतली.

"तुमचा तास असंल ना, सर? जा तुमी. राठोड सर येतीलच. मी बसते."

मी निघालो. फाटकाशी मोटारसायकल सुरू करताना मागे वळून पाहिलं. मॅडम त्या लांब बाकावर एकट्याच होत्या. सगळा बाक रिकामा, पण त्या अगदी कडेला सरकून बसल्या होत्या, शेजारी एका माणसाची जागा सोडून.